जगात जर्मनी, परभणीत साडेबारा

मे सरत आला, रोहिणी निघाली आणि कृषी केंद्रासमोर सरकीच्या पाकिटांसाठी रांग लागली की समजावं, फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची फायनल आली. याच दिवसांत गावात लग्नं असतात, नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं, घरात पेरणीच्या पैशांची जुळवाजुळव चाललेली असते. ही कामं काय, दरवर्षीचीच. युरोपातला सगळ्यात भारी क्लब कोणता, हे मात्र वर्षातून एकाच रात्री ठरतं, आणि ते तुम्ही झोपेत असताना ठरलं तर फाट्यावरच्या हॉटेलात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून पंचवीसेक वर्षांचा अनुभव तुमच्यापुढे ठेवतो. घ्या, फुकट आहे.

आधी क्लब ठरवा. इथंच बहुतेक पोरं चुकतात. कुणी मेस्सीसाठी बार्सिलोना धरतं, मेस्सी पॅरिसला गेला की पॅरिस धरतं, आणि तो अमेरिकेत गेल्यावर पॅनेल फुटलेल्या कार्यकर्त्यासारखं हिंडत राहतं. कुणी रिअल माद्रिद धरतं, कारण त्यांचे पंधरा कप आहेत. हा हिशेबी माणूस. ग्रामपंचायतीलाही हा निकाल लागल्यावरच गुलाल कुणाचा ते विचारून अंगावर घेतो. (चारचौघांत ‘रिअल’ म्हणू नका, ‘रेआल’ म्हणा. तेवढ्यावर तुमच्या ज्ञानाबद्दल कुणी पुढे चौकशी करत नाही.)

परभणीकराला मात्र निवड करायची गरजच नाही. ती आज्या-पणज्यांनी करून ठेवली आहे: जगात जर्मनी, भारतात परभणी. ही म्हण कशी पडली याबद्दल जितकी हॉटेलं तितकी मतं, त्यात आपण पडायचं नाही. म्हण आहे म्हणजे सोयरीक आहे. तेव्हा जर्मन क्लब धरायचा. बायर्न म्युनिक, नाहीतर डॉर्टमुंड.

सोयरीक निभवायला छाती लागते, हे आधीच सांगतो. १९९९ साली बार्सिलोनात बायर्ननं सहाव्या मिनिटाला गोल केला आणि नव्वद मिनिटं संपली तरी तेच पुढे होते. युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, अध्यक्ष लेनार्ट योहानसन कप द्यायला म्हणून लिफ्टनं खाली निघाले. ते खाली पोचेस्तोवर मँचेस्टर युनायटेडनं वाढीव वेळात दोन गोल ठोकले होते. माणूस लिफ्टमध्ये शिरताना कप बायर्नचा आणि बाहेर येताना दुसऱ्याचाच. आमच्याकडे एवढं फक्त मोंढ्यात होतं, भाव विचारून गाडी आणायला जावं तोवर. २०१२ला तर फायनल म्युनिकमध्येच, बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर. ८३व्या मिनिटाला म्युलरचा गोल, ८८व्याला ड्रोग्बाचं हेडर, आणि शेवटी पेनल्टीवर चेल्सी. २०२४ला डॉर्टमुंड लंडनच्या वेम्बलीवर ०-२ हरलं. आणि २०२५ला फायनल पुन्हा म्युनिकला, पण खेळायला पॅरिस आणि इंटर मिलान. मांडव आपल्या दारात, नवरा-नवरी दोन्ही परगावचे. पॅरिसनं ५-० जिंकलं, इतक्या फरकानं फायनल आजवर कुणी जिंकलेली नाही. आपण काय, वाढप्यासारखं उभं राहून पाहिलं.

जिंकलोही आहोत, नाही असं नाही. २०२०ला बायर्ननं पॅरिसला १-० हरवलं, पण तेव्हा कोरोना, लिस्बनचं स्टेडियम रिकामं आणि आमच्याकडे दीड दिवसाचे गणपती नुकतेच विसर्जन झालेले. मिरवणुकीला बंदी, गुलालाला बंदी. पुढच्या खेपेला मिळालेल्या विजयाचं काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा.

क्लब ठरला की सर्वनाम ठरवा. ‘बायर्न हरलं’ असं म्हणणारा प्रेक्षक असतो. तुम्ही म्हणायचं, ‘आपण हरलो.’ ‘आपला डिफेन्सच ढिला.’ ‘आपल्याला या वर्षी एक बरा लेफ्ट बॅक पाहिजे.’ हे ठामपणे बोललात तर हॉटेलवाला तुमच्याकडे जरा काळजीनं पाहील, पण ते चालतं. उधारी मागायला तरी तो लगेच येत नाही.

जर्सी आठवडी बाजारात अडीचशेला मिळते. बिल्ला बायर्नचा, पाठीवर रोनाल्डो आणि सात. रोनाल्डो बायर्नकडून कधी खेळला, असं एखादा शहाणा विचारेल. म्हणावं, येणार आहे.

कपाबद्दल दोन आकडे पाठ असू द्या: उंची ७३.५ सेंटीमीटर, वजन साडेसात किलो. दोन्ही बाजूंना मोठाले कान आहेत म्हणून त्याला ‘बिग इअर्स’ म्हणतात. आकडे ऐकून गावातल्या पोरांची निराशा होते, कारण आमच्या तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धेचा चषक कमरेपर्यंत येतो, तीन मजली आहे आणि वर गरुड आहे. त्यांना समजावून सांगा की तिकडचा धातूचा असतो.

आता जागरण. फायनल तिकडच्या रात्री नऊला, म्हणजे आपल्या साडेबाराला. नव्वद मिनिटांत मिटली तर अडीचच्या आत मोकळे, जादा वेळ आणि पेनल्टी झाली तर सव्वातीन. एवढा वेळ जागं का राहायचं, हा प्रश्न घरात येणारच. त्यासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे त्याच रात्री भावकीत जागरण-गोंधळ असणं. मला हा योग २०१३ला लाभला. वेम्बलीवर बायर्न आणि डॉर्टमुंड, दोन्ही जर्मन, म्हणजे परभणीला हरण्याची भीतीच नाही. इकडे चुलतभावाच्या लग्नाचा गोंधळ. मी मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून मोबाइलवर स्कोअर पाहत बसलो. दोनच्या सुमाराला संबळ टिपेला पोचला, गोंधळ्यानं दिवटी वर धरली, आणि १-१ चं २-१ झालं, रॉबेन, ८९वं मिनिट. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यावर सगळ्या मांडवानं ‘उदो उदो’ केलं. एका म्हातारीनं मला कुंकू लावलं. त्या दिवसापासून भावकीत मला भाविक समजतात. तो गैरसमज मी दूर केलेला नाही, तुम्हीही करू नका.

असा योग दरवर्षी येत नाही. एरवी गच्चीवर झोपायच्या निमित्तानं बाज वर न्या, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवा आणि उशाला चिवडा ठेवा. तांब्या भरलेला असावा, रिकामा वाऱ्यानं पडतो आणि मोबाइल खालच्या मजल्यावर जातो. रोहिणीतला वारा सांगून येत नाही. दिवसभर बेचाळीस अंश भाजून काढलेलं आभाळ रात्री अचानक काळं होतं, धूळ उठते, एक वीज कडाडते आणि डीपी बसतो. त्याबरोबर टॉवर जातो. पडद्यावर खेळाडू पाय उचललेला थांबतो आणि त्याच्या तोंडापुढे एक गोल फिरत राहतो. त्या गोलाकडे बघण्यात माझी कितीतरी मे महिन्यांची रात्र गेली आहे. त्या रात्रीत तेवढाच गोल नक्की पाहायला मिळतो.

पण न पाहिलेल्या सामन्याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट तोच जास्त रंगवून सांगता येतो. २००५ची इस्तंबूलची फायनल घ्या. पहिल्याच मिनिटाला मालदिनीचा गोल, मध्यंतराला एसी मिलान लिव्हरपूलच्या ३-० पुढे. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंगचा काळ. मध्यंतराला लाईट गेली. मी अंधारात बसून लिव्हरपूलची दया केली आणि लवंडलो. लाईट आली तेव्हा टीव्ही आपोआप सुरू झाला आणि पडद्यावर पेनल्टी मारायला मिलानचा शेव्हचेंको उभा होता. लिव्हरपूलचा गोलकीपर डुडेकनं ती अडवली. लिव्हरपूलची माणसं पळत सुटली आणि मला वाटलं मागच्या वर्षीचं काहीतरी दाखवत आहेत. मधल्या काळात, ५४ ते ६० या सहा मिनिटांत, जेरार्ड, श्मिचर आणि अलोन्सोनं तीन गोल फेडले होते. फुटबॉलमधली ती सगळ्यात गाजलेली सहा मिनिटं मी एका उशीवर घालवली. तरी गेली वीस वर्षं फाट्यावर ती मीच सांगतो, जेरार्डच्या हेडरला मान कशी वळली इथपासून. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी त्या रात्री लाईट नव्हती. कुणी हरकत घेतलेली नाही, कारण त्यांनीही ती पाहिलेली आहे.

एक सावधगिरी. गावात एखादा तरी निघतोच, जो म्हणतो, ‘युरोप कशाला, आपल्या आशियाचीपण चॅम्पियन्स लीग असते ना?’ याला माहिती असते, म्हणून हा धोकादायक. तो सांगेल की २०१६ला बंगळुरूचा क्लब आशियातल्याच एएफसी कपच्या फायनलपर्यंत गेला आणि दोह्यात इराकच्या हवाई दलाच्या क्लबकडून १-० हरला. तो सांगेल की त्याच इराकी क्लबला २०२२च्या एप्रिलमध्ये मुंबई सिटीनं रियाधला २-१ हरवलं, आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना. मुंबई. आपल्या राज्यातली. रात्रीच्या गाडीनं निघालं तर सकाळी पोचतो तिथली. अशा वेळी घड्याळाकडे बघा आणि म्हणा, ‘बायर्नचा लेफ्ट बॅक बघितला का?’ म्युनिक आपलं आणि मुंबई परकी, हे एकदा मनाशी पक्कं केलं की असल्या माहितीचा त्रास होत नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे लाल असले पाहिजेत. सामना कोण जिंकलं हे सगळ्यांना मोबाइलवर कळलेलं असतं, पण डोळे फक्त तुमचे लाल. तीच खरी कमाई. ‘रात्रभर जागा होतो’ हे वाक्य चहाच्या पहिल्या घोटानंतर, थोडं थकून म्हणा. समोरचा ‘कामून?’ म्हणेल. लगेच सांगू नका.

या कमाईला आमच्या घरात एकच अडचण आहे, आबा. रात्री बाराच्या सुमाराला मी गच्चीवर तांब्या बसवत असतो तेव्हा ते खाली बॅटरी शोधत असतात. आमच्या शिवारात थ्री-फेज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते, आणि रात्रीची पाळी नेमकी फायनलला येते, असा माझा समज आहे. उसाला पाणी द्यायचं असतं. वय सत्तर, हातात काठी, डोक्याला टॉवेल. अंधारात सरीतून फिरताना विंचू-काट्याचं काय करता असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘तेला बी दिसत नाही.’

एका फायनलला जिन्याखालून आवाज आला, ‘कामून जागा हाईस रं?’

‘फायनल हाय, आबा.’

‘कवा सुरू व्हती?’

‘साडेबाराला.’

‘आमचीबी तवाच,’ म्हणाले आणि गेले. सकाळी मी हॉटेलात लाल डोळे घेऊन बसलो होतो तेव्हा ते शेजारच्या बाकड्यावर चहा पीत होते. त्यांचेही लालच होते. त्यांना कुणी ‘कामून’ विचारलं नाही.

असो. आता एक वाईट बातमी आहे. युएफानं २०२६पासून फायनलची वेळच अलीकडे घेतली. बुडापेस्टची फायनल तिकडच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला. प्रेक्षकांना पोरंबाळं घेऊन येता यावं, सामना लांबला तरी परतीच्या गाड्या मिळाव्यात, म्हणून. त्यांच्या पोराबाळांची सोय झाली, आपल्या जागरणाचं काय? साडेनऊला घरात मालिका चालू असते, रिमोट आईच्या हातात असतो, आणि साडेअकरापर्यंत तर शेंबडं पोरही जागं असतं. लाल डोळे आणायचे कुठून? माझा सल्ला आहे की सामना संपल्यावरही तीनपर्यंत जागावं. इतक्या वर्षांची पत एका परिपत्रकावर सोडून देता येत नाही.

ही बातमी मी आबांना मुद्दाम वाचून दाखवली. काठी भिंतीला टेकवून त्यांनी नीट ऐकून घेतली.

‘लोकायच्या सोयीसाठी येळ बदलली?’

‘हाव.’

‘अर्ज कुणाकडं द्यावा लागतो?’