अण्णांचा क्लिक थ्री

सकाळी चहाचा कप हातात घेतला तोच भाच्याचा मेसेज. एक बातमी, आणि खाली, "मामा, तुमच्याकडे पण जुना कॅमेरा होता ना? बघा, किती येतील!"

बातमी शिळीच. जून 2022 मध्ये जर्मनीत वेट्झलारच्या लिलावात 105 नंबरचा लायका कॅमेरा 1 कोटी 44 लाख युरोला गेला. तेव्हाच्या भावानं आपले 120 कोटींच्या आसपास. एका कॅमेऱ्याचे! ज्यात आता कुणी रोल भरणार नाही. कपाटात बंद राहणार आणि भाव चढला की पुन्हा लिलावात येणार. याला छंद म्हणतात? बायपासच्या प्लॉटचं करतो तेच की हे.

बरं, तो लायका घडवणाऱ्या खुद्द ऑस्कर बार्नाकचा होता, वर त्याचं नाव कोरलंय. त्या माणसानं सिनेमाची फिल्म चिमुकल्या कॅमेऱ्यात घातली म्हणून फोटोग्राफी खिशात मावायला लागली. मान्य. पण 120 कोटी?

आमच्या अण्णांचा आग्फा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण माल आपल्या बडोद्याचा! इथे न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. आज दांडिया बाजारात कुणाला सांगून बघा, तोंडाकडे बघत राहतील. काळा डबा, 120 मापाचा फिल्मचा रोल, त्यात बारा फोटो. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची. अण्णा तळव्याची सावली करून त्या खिडकीला डोळा लावायचे.

आणि बारा म्हणजे बाराच. एकदा सुरसागर तलावाच्या काठाला आईला उभं केलं. वाऱ्यानं पदर उडत होता. अण्णा थांबले ते थांबलेच.
"अहो, काढा एकदाचा!"
"थांब गं, शेवटचा आहे."
तो वैतागलेला चेहराच आज आमच्या हॉलमध्ये आहे. आईचा दुसरा धड फोटो नाही.

भाच्या, सकाळी तुझ्यावर खेकसलो, मनावर घेऊ नकोस. बार्नाकवरही माझा राग नाही रे.

कॅमेरा मी विकला. दिवाळीच्या साफसफाईत, पस्तीच्या, म्हणजे रद्दीच्या, गठ्ठ्याबरोबर, तराजूवर. सगळ्याचे मिळून साठ रुपये. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. पस्तीवाला जिना उतरून गेला, तोवर अवाक्षर नाही. मग एवढंच विचारलं, "आत रोल होता का, बघितलंस?"

नव्हतं बघितलं.

क्लिक थ्री आज ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळतो, कुणी 120 कोटी मागत नाही. दुपारी एक जाहिरात दिसली. विकणाऱ्यानं मागचं झाकण उघडून फोटो टाकलाय. मी तो मोठा करून बघितला. आत नुसती रिकामी रीळ.