सदनिका क्रमांक ७१
आमच्या ८४ सदनिकांच्या सोसायटीचा मानद खजिनदार या नात्याने दरमहा मेंटेनन्सची बिले काढण्याचे काम माझ्याकडे आहे. बिलांचा प्रोग्राम सोसायटीइतकाच, म्हणजे १९ वर्षांचा जुना. तो पहिली ७० बिले मुकाट्याने काढतो आणि पुढच्या बिलापाशी ‘मेमरी अपुरी आहे’ असे जाहीर करून अंग टाकतो. क्रमांक ७१ मध्ये एक निवृत्त लेखापरीक्षक राहतात. नेमके आपलेच बिल अडते यात त्यांना माझा डाव दिसतो. त्यांच्या पुढच्या तेरा जणांची बिलेही अडतात, पण त्यांच्यापैकी कोणी आजवर तक्रार केलेली नाही.

मेमरी अपुरी असेल तर ती विकत घ्यावी, इतका सरळ विचार करून मी तीन दरपत्रके मागवली, दोन बैठकांत चहासह चर्चा घडवली आणि चार जीबीच्या जागी १६ जीबी बसवून घेतली. महिनाअखेरीस समितीच्या साक्षीने बटण दाबले. ७० बिले आली. मग तोच संदेश आला, आणि ७१ क्रमांकाने माझ्याकडे असे पाहिले की मला क्षणभर खरोखरच अपहार केल्यासारखे वाटले.

शेवटी भाच्याला बोलावले. त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्राम किती मेमरी अडवतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला आणि म्हणाला, “मामा, ११ जीबी रिकामी पडलीये. पण तुमच्या प्रोग्रामला ती दिसतच नाही.”

त्याने समजावले ते असे. पिनकोडाला सहाच चौकटी असल्यामुळे दहा लाखांपलीकडे पिनकोड देता येणार नाहीत, मग गावे कितीही वाढोत. आमचा प्रोग्राम मेमरीतल्या प्रत्येक बाइटचा, म्हणजे साठवणीच्या एकेका खणाचा, पत्ता ३२ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक एवढेच मावणाऱ्या ३२ चौकटींत लिहितो; त्यामुळे त्याला एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, म्हणजे चार जीबी, एवढेच जग ठाऊक. त्यातलेही निम्मे विंडोज अशा जुन्या प्रोग्रामांच्या बाबतीत सहसा स्वतःकडे राखून ठेवते. उरले दोन जीबी. आता ८४ बिलांना दोन जीबी तरी का लागावेत? तर हा गृहस्थ उघडल्याबरोबर १९ वर्षांच्या सगळ्या पावत्यांची चित्रे मेमरीत आणून मांडतो. ८४ सदनिका, वर्षाला १२ पावत्या, म्हणजे १९,१५२ चित्रे. एकेक सुमारे १०० केबीचे धरले तरी १.९ जीबी तिथेच संपले. उरलेल्या फटीत बिले तयार होतात, आणि छापून झालेले बिलही तो हातचे सोडत नाही. आमच्या माळ्यावरची अडगळ पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

“आणि वेग? प्रोसेसरला आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे आठ कामगार, आहेत म्हणून दुकानदाराने जास्तीचे पैसे घेतले होते,” मी विचारले. भाच्याने आलेख दाखवला. एक कोअर घामाघूम झालेला, बाकीचे सात आमच्या समिती सदस्यांसारखे निवांत. प्रत्येक बिलाचा क्रमांक आणि खात्याची शिल्लक आधीचे बिल पूर्ण झाल्यावरच ठरते, मग काम वाटून देणार कसे? संगणकतज्ज्ञ जीन ॲम्डाल यांनी हे १९६७ सालीच मांडून ठेवले आहे: कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजार कोअर लावले तरी वेग दहापटीपलीकडे जात नाही. आमच्याकडे तर जवळजवळ सगळेच काम रांगेत उभे राहणारे.

नव्या प्रोग्रामांविषयीही माझा आदर त्याने टिकू दिला नाही. निरोप पाठवण्याचे एक साधे ॲप काही न करता अर्धा जीबी अडवून बसले होते, कारण त्याच्या पोटात एक अख्खा ब्राउझर आहे. अशी चार ॲप उघडली की चार ब्राउझर. लग्नाला येताना प्रत्येक पाहुण्याने स्वतःचा आचारी आणि गॅसची टाकी घेऊन यावे, तसे.

आता मी ४२ बिले काढतो, प्रोग्राम बंद करतो, पुन्हा उघडतो आणि उरलेली ४२ काढतो. सगळ्यांना बिले मिळतात. मात्र वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत क्रमांक ७१ ने एक लेखी विषय दिला आहे: सोसायटीच्या पैशांतून घेतलेली ११ जीबी मेमरी वापराविना पडून का आहे, आणि ती पार्किंगप्रमाणे सभासदांना भाड्याने देता येईल काय.