तीन दिवसांत दूध आटत नसतं

माझ्या भाचीचं बाळ साडेआठव्या महिन्यात पोटातच गेलं. बीपी वाढलेलं होतं, पायावर सूज होती, आणि एका सकाळी बाळाची हालचाल थांबली. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून माहेरी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे आली आणि त्याच रात्री तिला पान्हा फुटला. मी पाचव्या दिवशी पोहोचले. बहिणीनं जुन्या लुगड्याची पट्टी पोरीच्या छातीभोवती तीन वेढे देऊन आवळली होती. पाणी तोडलं होतं. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, टिनाचं छप्पर, आणि पोरीच्या अंगात ताप. उशाशी मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची पट्टी पडलेली.

"कोणं सांगितलं हे?" म्हणून विचारलं तर बहिणीनं मोबाईल पुढे केला. "बचत गटाच्या ग्रुपवर आलं होतं वं. मले वाटलं, पोरीचं दुखणं तं थांबन."

तिच्यावर मी रागावले नाही. ज्यानं तो मेसेज लिहिला त्याच्यावर मात्र राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही. मी सव्वीस वर्षं उपकेंद्रावर सिस्टर म्हणून काम केलं आहे, यवतमाळच्या बाजूच्या खेड्यांत शेकडो बाळंतिणी पाहिल्या आहेत. त्या मेसेजचं शीर्षक होतं 'अंगावरचं दूध ३ दिवसांत कायमचं बंद करा', आणि खाली सहा उपाय: छाती कापडानं घट्ट आवळा, तीन दिवस पाणी आणि पातळ काही घेऊ नका, दुधाचा एक थेंबही पिळू नका, मेडिकलमधून अमुक गोळ्या आणा, आत साठलेलं दूध नासून विष होतं, ते पुन्हा बाळाला पाजू नका, पत्ताकोबीची पानं आणि मोगऱ्याची फुलं बांधा. शेवटी, 'जास्तीत जास्त मायबहिणींपर्यंत पोहोचवा.' ते काम लोकांनी इमानानं केलं. माझ्याकडे तो तीन ग्रुपमधून आला आहे.

चौथ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण जीव त्यात जाऊ शकतो.

दूध बंद करायच्या म्हणून ज्या गोळ्या सांगतात त्या ब्रोमोक्रिप्टीन किंवा कॅबरगोलिनच्या असतात. मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं जे संप्रेरक सुटतं आणि दूध बनवायला लावतं, ते या गोळ्या दाबून टाकतात. म्हणजे गोळी काम करते, हे खोटं नाही. पण ती फक्त छातीवर काम करत नाही. अमेरिकेत ब्रोमोक्रिप्टीन बाळंतिणींचं दूध थांबवायला सर्रास दिली जात होती. मग ती घेतलेल्या तरुण बायकांमध्ये बीपी एकदम वाढणं, आकडीचे झटके, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका अशा नोंदी येत गेल्या. १९९४ मध्ये कंपनीनं या कामासाठी ती विकणं थांबवलं आणि १९९५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं या वापराची मान्यताच काढून घेतली. युरोपच्या औषध संस्थेनं २०१४ मध्ये पुन्हा सगळं तपासून सांगितलं की दूध थांबवायला ही गोळी नेहमीसारखी देऊ नये, छाती दाटून दुखते एवढ्यासाठी तर नाहीच. बाळ दगावलं किंवा आईला एचआयव्ही आहे, अशा सबळ कारणासाठीच द्यावी, आणि ज्या बाईला बीपीचा त्रास आहे किंवा पूर्वी गंभीर मानसिक आजार झालेला आहे तिला देऊच नये. कॅबरगोलिन अंगाला त्यापेक्षा बरी सोसते, पण गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला तीही चालत नाही.

आता माझ्या भाचीकडे बघा. बाळ दगावलं, म्हणजे वरवर पाहिलं तर गोळी तिच्यासारखीसाठीच. पण बाळ दगावलं ते बीपीमुळे! आठव्या-नवव्या महिन्यात पोटात बाळ जाण्यामागे आईचं वाढलेलं बीपी हे नेहमी दिसणारं कारण आहे. म्हणजे दूध थांबवायची सगळ्यात जास्त गरज ज्या बायांना वाटते, त्यांच्यातल्याच कितीतरी जणींना ही गोळी धोक्याची. मेसेजमध्ये बीपीचा एक शब्द नाही. मेडिकलवाल्यानं डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. ती पट्टी अजून फोडलेली नव्हती, कारण पोरगी म्हणाली होती, "मावशी येऊन राहिली, तिले इचारूनच घेईन." त्या दुपारी तिचं बीपी १५०/१०० भरलं. बाळंतपण झालं म्हणून बीपीचा धोका संपत नाही, सहा आठवडे लक्ष ठेवावं लागतं, आणि झटके बाळंतपणानंतरही येतात.

डॉक्टर बीपी, हृदय, आधीचे आजार सगळं बघून गोळी देत असतील तर जरूर घ्यावी. ती पहिल्याच दिवशी, दूध उतरायच्या आधी दिली तर चांगली लागू पडते. बाळ गेलेल्या आईला दवाखान्यातून सोडतानाच याबद्दल विचारायला हवं, आणि नातेवाइकांनी न लाजता विचारावं. व्हॉट्सॲपवर नाव वाचून आणलेली गोळी मात्र उशाशीसुद्धा ठेवू नका.

पहिला मुद्दा, आवळून बांधणं. हे जुनं आहे, माझ्या आजीच्या काळापासून चालत आलेलं. त्या काळी दुसरं काही नव्हतं म्हणून बायकांनी ते सोसलं. दूध आतल्या बारीक नळ्यांमधून वाहतं. वरून पट्टा आवळला की ते दूध आटत नाही, ठिकठिकाणी साकळतं, गाठी होतात, आजूबाजूला सूज चढते, लाल चट्टा उठतो, थंडी वाजून ताप येतो. तिथून पुढे गळू व्हायला वेळ लागत नाही, आणि गळू झालं की सुईनं ओढून किंवा चिरा देऊन पू काढावा लागतो. भाचीच्या डाव्या बाजूला काखेच्या दिशेनं तसा चट्टा उठलेला होता. ग्रामीण रुग्णालयात वेळेत नेलं, अँटिबायोटिक सुरू झालं, चिरा वाचला. आधार हवा असतो, आवळणं नव्हे. नीट मापाची, घट्टसर पण श्वास न अडवणारी ब्रा रात्रंदिवस घालावी. ती नसेल तर अंगाला बरोबर बसणारी चोळी चालते. पट्टीचे वळ कातडीवर उमटले तर ती सोडलीच पाहिजे.

तीन दिवस पाणी नको, हा मुद्दा वाचला तेव्हा मला काही वेळ बोलायलाच सुचलं नाही. हे कुठून आलं असेल याचा अंदाज आहे. आपण गाय आटवतो तेव्हा सरकी-ढेप कमी करतो. कोणीतरी तेच बाईला लावलं. पण गाय आटवतानाही जाणता माणूस पाणी तोडत नाही. बाई दोन-तीन दिवस कमी प्यायली तरी दूध थांबत नाही. शरीर तिच्याच अंगातलं पाणी ओढून दूध बनवत राहतं. ओली बाळंतीण, अंगावरून जात असलेलं रक्त, वरून आपल्याकडचा मे महिना. अशात पाणी तोडलं तर चक्कर येते, लघवीला जळजळ होते, बद्धकोष्ठ होतं, आणि बाळंतपणानंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायचा जो धोका असतोच तो वाढतो. तहान लागेल तेवढं पाणी प्यावं. भाचीनं त्या दिवशी पहिला तांब्या एका दमात संपवला. माझी बहीण दाराशी उभी राहून रडत होती.

खाण्याबद्दल एकच सांगते. अळीव, मेथीचे लाडू, शतावरी हे दूध वाढावं म्हणून देतात, ते या बाईला द्यायचं कारण नाही. भाकर, वरण, भाजी, रोजचं पोटभर जेवण द्यावं. बाळ नाही म्हणून तिची बाळंतीण म्हणून काळजी घ्यायचीच नाही, असं घराघरांत होताना मी पाहिलं आहे. तिचंही गर्भाशय आकसत असतं, तिच्याही अंगावरून जात असतं.

'एक थेंबही पिळू नका' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. दूध जितकं बाहेर काढाल तितकं नवीन बनतं. ते आत राहिलं की बनायचा वेग आपोआप मंदावतो, दुधातच तशी सोय असते. म्हणून पूर्ण मोकळं करत राहिलं तर ते आटणार नाही, हे बरोबर. पण एकदम काहीच काढायचं नाही म्हटलं तर छाती फुटायला येते, आणि साकळलेल्या दुधाचं पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे. गायीचीही धार आपण एकाएकी बंद करत नाही. दोन वेळची एक वेळ करतो, मग एक दिवसाआड. सड दगडासारखा झाला की काय होतं हे ज्याच्या गोठ्यात झालं आहे त्याला सांगावं लागत नाही. बाईचंही तसंच. ठणका सहन होत नसेल तेव्हाच हातानं हलकं दाबून ताण उतरेल एवढंच काढायचं आणि थांबायचं. पूर्ण रिकामं करायचं नाही. दोन वेळांमधलं अंतर रोज थोडं वाढवत न्यायचं.

आम्ही भाचीला असंच केलं. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. डॉक्टरनं दिलेली पॅरासिटामॉल. आंघोळ घालायला येणाऱ्या बाईला बजावलं की छातीवर कढत पाणी ओतायचं नाही आणि तेल लावून चोळायचं नाही, कारण शेकानं आणि चोळण्यानं पान्हा जास्तच सुटतो. झोपताना उशी छातीखाली घेऊन दाबायची नाही. आठव्या दिवशी दगडपणा गेला. दोन आठवड्यांनी छाती मऊ झाली. तीन दिवसांत काहीच झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं.

साठलेलं दूध विष होतं, हे साफ खोटं. दूध छातीत नासत नाही, फाटत नाही. या एका वाक्यापायी किती लेकरांचं दूध तुटलं असेल. आई दोन दिवस माहेरी गेली, ताप आला, पुन्हा दिवस गेले, की सासू म्हणते, आता ते दूध वाईट. छातीला सूज येऊन ताप आला तरी बाळाला पाजता येतं, उलट पाजल्यानं गाठ मोकळी होते. गरोदरपण सुरळीत असेल तर मोठ्या लेकराला पाजायलाही हरकत नसते.

पत्ताकोबी आणि मोगरा. थंड पानांनी दाटलेल्या छातीला बरं वाटतं, कातडी कुठे फुटलेली नसेल तर खुशाल ठेवावीत. दूध त्यानं आटतं याला भक्कम पुरावा नाही. मोगऱ्याचं मला स्वतःला खोटं वाटायचं, पण १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात छातीवर मोगऱ्याची फुलं बांधलेल्या बायकांचं दूध खरंच कमी झालं होतं. एकच अभ्यास आहे, त्यावर फार भार टाकू नये. बांधायची तर सैल बांधा.

हाच मेसेज लेकराचं दूध तोडायचं आहे अशा बायांकडेही फिरतो आहे, विशेषतः कापूस वेचणीच्या दिवसांत. त्यांना तर घाई करायचं काहीच कारण नाही. दिवसातलं एक पाजणं बंद करा, तीन-चार दिवस जाऊ द्या, छाती शांत झाली की दुसरं. झोपेच्या वेळचं शेवटी. कडुलिंबाचा पाला लावला तर लेकरू तोंड वाकडं करील, एवढंच. तिखट लावू नका आणि तंबाखूचं पाणी तर अजिबात नाही, तंबाखू लहान लेकराच्या पोटात जाणं घातक आहे. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. वर्षाच्या आतलं लेकरू असेल तर त्याला काय आणि किती द्यायचं हे आधी आशाताईला किंवा सिस्टरला विचारा. आणि मेसेज एक गोष्ट सांगतच नाही. अंगावर पाजणं थांबलं की पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. बाळ गेलेल्या आईला तर हे लवकर होतं, आणि बीपीनं बाळ गेलेल्या बाईला लगेच दुसरं गरोदरपण नको असतं. तिला गर्भनिरोधक साधनाबद्दल कोणीतरी शांतपणे सांगायला हवं.

ताप १०१ च्या वर, थंडी, छातीवर लाल गरम चट्टा, दिवसभरात न विरघळणारी गाठ, पू, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर घरचे उपाय थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल तर १०८ ला फोन करा. बाई बोलत नाही, जेवत नाही, झोपत नाही, नको ते बोलते, हेही त्यातच धरा.

भाचीनं मला एका रात्री विचारलं होतं, "मावशी, बाळ नाही तं दूध काहून आलं?" वार पडली की शरीराला बाळ झालं एवढंच कळतं, ते जगलं की नाही हे त्याला कळत नाही, असं मी तिला सांगितलं. दीड महिन्यानं तिचा फोन आला, घाबरलेली होती. आंघोळीच्या वेळी छाती दाबून पाहिली तर एक थेंब आला. असा थेंब बरेच आठवडे, कधी काही महिनेही दिसू शकतो. पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये.