गाठीला सुई लावल्याने कॅन्सर पसरतो?

मागच्या महिन्यात 47 वर्षांच्या एक बाई तपासणीला आल्या. स्तनात लिंबाएवढी गाठ. सहा महिन्यांपूर्वी ती बोराएवढी होती, असं त्याच म्हणाल्या. तेव्हाच डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासणं, लिहून दिली होती. पण घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज जाऊबाईंनी वाचून दाखवला आणि चिठ्ठी कपाटात राहिली.

तो मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. त्यात लिहिलंय: ‘गाठीला सुई लावू देऊ नका, झोपलेला कॅन्सर जागा होऊन अंगभर पसरतो. आता स्कॅनमध्ये सगळं दिसतं, बायोप्सी फक्त बिलासाठी. करायचंच तर सरळ गाठ काढून टाका. नाहीतरी कुठलाही कॅन्सर असो, शेवटी केमोच देतात.’

गाठीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान करणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून एकेक वाक्य घेतो.

पहिलं, झोपलेला कॅन्सर जागा होण्याचं. हाताला लागेल एवढी गाठ होते तेव्हा तिच्यात कोट्यवधी पेशी वाढत असतात. आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांत आणि लसिकावाहिन्यांत त्या आपल्या आपण शिरतात, त्यासाठी त्यांना सुईची गरज नसते. रक्तात गेलेल्या बहुतेक पेशी मरतात. दुसऱ्या अवयवात जाऊन रुजण्याची क्षमता फार थोड्या पेशींत असते आणि ती सुईने येत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2015 साली स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशनआधी ज्यांच्या गाठीत सुई घातली होती, ते इतरांपेक्षा कमी जगले नाहीत. उलट त्यांचं आयुष्य थोडं जास्तच भरलं.

मग ‘बायोप्सी केली आणि माणूस खचला’ असं इतक्या घरांतून का ऐकू येतं? कारण आपल्याकडे बरेच रुग्ण आजार पुढे गेल्यावरच येतात. पसरलेला आजार बायोप्सीत उघड होतो, पुढच्या काही आठवड्यांत तब्येत ढासळते, आणि घरच्यांच्या मनात सुईची तारीख पक्की बसते. त्याआधीचे महिने कुणी मोजत नाही. त्या घरच्यांना मी दोष देत नाही, आपलं माणूस डोळ्यांदेखत जाताना कारण शोधावंच लागतं.

या भीतीत तथ्याचा एक कण आहे, तोही सांगतो. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेत पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत. ती थोडी आहेत, पण आहेत. म्हणून सिरॉसिस (यकृत कायमचं निबर होणं) असलेल्या रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये नेमकी खूण दिसली तर बायोप्सीशिवायच निदान करतात. वृषणाच्या गाठीत बाहेरून सुई घालत नाहीत, रक्ततपासणी करून जांघेतून ऑपरेशन करतात. अंडाशयापुरतीच असलेली संशयास्पद गाठ फुटू नये म्हणून अखंड काढतात. हाडाच्या कॅन्सरमध्ये सुईची वाटही पुढच्या ऑपरेशनमध्ये कापून काढायची असते, म्हणून बायोप्सी आणि ऑपरेशन एकाच टीमने करणं उत्तम. सुई कुठे घालायची नाही, हे डॉक्टरांनी असं अवयवागणिक ठरवलेलं आहे. स्तन, तोंड, गर्भाशयमुख, फुफ्फुस यांच्या बाबतीत ती भीती बाळगून थांबणं जिवावर बेततं.

दुसरं वाक्य स्कॅनचं. स्कॅन गाठीची जागा आणि आकार दाखवतो. ती कशाची आहे हे पुष्कळदा त्याला सांगता येत नाही, आणि आपल्या देशात तर टीबीमुळे ते फारच अवघड होतं. मानेत गाठी, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं: हे टीबीतही दिसतं आणि लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्येही. पेट स्कॅनमध्ये दोन्ही सारख्याच चमकतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर मात्र फरक डोळ्यांसमोर येतो. टीबीत पेशींचे विशिष्ट पुंजके दिसतात. हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमात दोन मोठ्या केंद्रकांच्या, घुबडाच्या डोळ्यांसारख्या पेशी दिसतात. नुसत्या एक्स-रेवरून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, असे रुग्ण मी पाहिलेत. ते महिने परत मिळत नाहीत.

‘सरळ गाठ काढून टाका.’ मांडीतली गाठ चरबीची समजून लहानशा ऑपरेशनने काढली आणि नंतर ती सार्कोमा (स्नायू, चरबी अशा भागांतला कॅन्सर) निघाली, तर कडेला पेशी राहिलेल्या असतात. दुसऱ्यांदा मोठी चिरफाड करावी लागते. पसरण्याचा धोका खरोखर जिथे आहे, ते हे अर्धवट ऑपरेशन, आणि मेसेज नेमकं तेच करायला सांगतो. स्तनाची मोठी गाठ काही वेळा आधी औषधांनी लहान करतात, मग स्तन वाचवता येतो. पण औषध कुठलं, हे तुकडाच सांगतो.

यातच केमोच्या वाक्याचं उत्तर आहे. स्तनाच्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. पहिल्या दोन कॅन्सर हार्मोनवर वाढतो का ते सांगतात, तिसरी हर-टू हे प्रथिन जास्त आहे का ते. ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनविरोधी गोळ्या वर्षानुवर्षं चालतात, आणि काही बायकांना केमो लागतही नाही. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्या प्रथिनावर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा फायदा होतो. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये 9 आणि 22 या गुणसूत्रांची अदलाबदल सापडली की इमॅटिनिबची गोळी देतात. 2001 साली ती आल्यापासून या आजाराचे पुष्कळ रुग्ण नोकरी-संसार सांभाळून जगतात.

राहिलं बिल. सुईची बायोप्सी हा कॅन्सरच्या एकूण खर्चातला लहान हिस्सा असतो, आणि तिच्याशिवाय सुरू केलेला चुकीचा उपचार किती महाग पडतो ते वर आलंच. शिवाय तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. रिपोर्टबरोबर स्लाइड (तुकड्याची काच) आणि ब्लॉक (तो ठोकळा) मागून घ्या. दुसरं मत घ्यायला मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयात गेलात तरी तेच तपासायला मागतात, बहुतेक वेळा पुन्हा सुई लावावी लागत नाही.

त्या बाईंचा रिपोर्ट आला आहे. ईआर पॉझिटिव्ह. काखेतही गाठी असल्यामुळे आधी केमो, मग ऑपरेशन, मग गोळ्या असं ठरलंय. पहिल्या सलाइनच्या दिवशी सोबत जाऊबाई आल्या होत्या.