लघवी काळी होणं म्हणजे ‘ॲसिड निघणं’ नव्हे: भरतीच्या पोरापोरींत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची पोलीस भरतीची तयारी करते. मागच्या पंधरवड्यात सकाळी साडेसहाला तिचा फोन आला, “मामा, लघवी काया चायसारखी होऊन राह्यली. मेसेजमधी तं लिहेल हाय का ॲसिड निघते म्हनून.” दोन दिवसांआधी ग्राउंडवर कुणीतरी पैज लावली आणि आयुष्यात कधी पन्नासाच्या वर न गेलेल्या या पोरीने चारशे बैठका मारल्या होत्या. मांड्या सुजून दगड झाल्या होत्या, गुडघा वाकत नव्हता. बहिणीला वाटलं उन्हाळी लागली, म्हणून ती धने-जिऱ्याचं पाणी देत होती. पोरगी मात्र निश्चिंत होती, कारण मोबाईलवर लिहिलेलं होतं की हे चांगलं लक्षण आहे.

तो मेसेज तुमच्याही गटात आला असेल. त्यातले मुद्दे असे: व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते स्नायूंत साचलेल्या लॅक्टिक ॲसिडमुळे. ते मारायला लिंबू आणि खायचा सोडा प्या. दुखलं नाही तर व्यायाम वाया गेला समजा, दुखलं तर दुखीची गोळी घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मारा. आधी स्नायूंना ताण द्या (स्ट्रेचिंग करा), नंतर गरम तेलाने जोरात रगडा. आणि शेवटी, लघवी लाल-काळी झाली तर घाबरू नका, ॲसिड बाहेर पडतंय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याने किडनी जाते, जीवही जाऊ शकतो.

लॅक्टिक ॲसिडला रंगच नसतो. दही आंबट लागतं ते याच ॲसिडमुळे, आणि दही पांढरंच असतं. मग लघवी काळी कशाने होते? मटणाला जो तांबडा रंग असतो तो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. स्नायूत प्राणवायू धरून ठेवायचं काम त्याचं. सवय नसताना अतोनात मारा केला की स्नायूंच्या पेशी नुसत्या दुखावत नाहीत, फुटतात. त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि रक्तातून मूत्रपिंडात जाऊन तिथल्या बारीक नळ्या बंद करतं. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं आधी सावरायची आणि काही दिवसांनी मूत्रपिंड बंद पडून मरायची. बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी तेव्हा ते नोंदवलं. ढिगाऱ्याने चेंगरलेली मांडी आणि बैठकांनी फोडलेली मांडी, पुढचा रस्ता दोघींचा एकच.

फुटलेल्या पेशींतून पोटॅशियमही बाहेर येतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि वरून मेसेज म्हणतो, गोळी घ्या! डायक्लोफेनॅकसारखी दुखीची गोळी किंवा सुई मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी आखडते. आपल्याकडे मार्च लागला की ऊन अंगावर येतं, पोरं घामाने सुकलेली असतात, त्यात मायोग्लोबिन आणि त्यावर ही गोळी. मूत्रपिंडाला यापेक्षा वाईट काय द्यायचं राहिलं?

भाचीला तासाभरात तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. लघवीच्या पट्टीवर रक्त दाखवलं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या नाहीत. म्हणजे ते रक्त नव्हतं, मायोग्लोबिन होतं; डॉक्टरांनी तेवढ्यावरच ओळखलं. मग क्रिएटिन कायनेज नावाची रक्ताची तपासणी केली; स्नायू फुटले की तिचा आकडा वाढतो. ती एरवी दोनशेच्या आसपास किंवा खाली असते, हिची कित्येक हजारांत निघाली. तीन दिवस सलाईन लागलं. वेळेत पोचली म्हणून निभावलं.

उन्हाळीत लघवीला आग होते, थेंबथेंब होते, रंग गर्द पिवळा असतो. इथे आग नसते आणि रंग कोऱ्या चहाचा किंवा कोकाकोलाचा असतो. मुलींच्या बाबतीत घरचे ‘पाळी असेल’ म्हणून सोडून देतात, म्हणून मुलींनीच नीट पाहायला हवं. रंग असा दिसला, किंवा अंग इतकं सुजलं की हातपाय उचलेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि “परवा एवढ्या बैठका मारल्या” हे तोंडाने सांगा. नाहीतर डॉक्टर मुतखडा शोधत बसतील.

विदर्भातल्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच मेसेजमध्ये येत नाही. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक पुष्कळ आहेत. शाळेत तपासणी झाली, कागदावर ‘एएस’ (म्हणजे वाहक) आलं आणि कागद पेटीत गेला, अशी घरं माझ्याच गावात आहेत. वाहकाला एरवी त्रास नसतो. पण अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांना या ऱ्हॅब्डोमायोलिसिसचा धोका इतरांच्या दीडपट निघाला. एएस असलेल्याने भरती सोडायची गरज नाही. पण पाणी, सावली आणि हळूहळू वाढवलेला सराव याबाबतीत त्याने कुणाची पैज घेऊ नये.

आता लॅक्टिक ॲसिड. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत मांड्यांत जी आग पेटते, तिचा स्नायूंतल्या आम्लतेशी संबंध आहे. ऑटो मेयरहॉफ यांनी बेडकाच्या स्नायूंत या ॲसिडचा अभ्यास केला आणि त्यांना ए. व्ही. हिल यांच्यासोबत १९२२ सालचं नोबेल मिळालं. तिथून थकवा, दुखणं, सगळंच या ॲसिडच्या माथी बसलं. पण ती आग थांबल्यावर काही मिनिटांत विझते. वाढलेलं लॅक्टेट (या ॲसिडचंच रक्तातलं रूप) तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. काल दुपारीच निघून गेलेला पाहुणा आज सकाळी घरात चोरी कशी करेल?

१९८३ चा एक प्रयोग या वादाचा निकाल लावतो. माणसांना यंत्रावर पाऊण तास पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा दर दहा फुटांना एक फूट अशा उतारावर. सपाटीवर लॅक्टिक ॲसिड वाढलं, पण नंतर अंग दुखलं नाही. उतारावर ॲसिड म्हणावं तसं वाढलंच नाही, पण नंतरचे दिवस मांड्या ठणकल्या. ज्याला हा मेसेज खरा वाटतो त्याने आधी या प्रयोगाचं उत्तर द्यावं.

पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जाऊन आलेल्या कुणालाही हे विचारा. चढताना दम लागतो, पण घरी आल्यावर ओट्याची पायरी उतरता येत नाही ती डोंगर उतरल्याने. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून हळूहळू सोडावा लागतो, तसा उतरताना मांडीचा स्नायू वजन पेलत पेलत लांबत असतो. आखडताना स्नायू जेवढा दुखावत नाही तेवढा असा ताणत लांबताना दुखावतो. बैठकीतलं खाली जाणं हेच करतं. स्वीडनमध्ये १९८१ साली लोकांना जिने उतरायला लावून पोटरीच्या स्नायूचा बारीक तुकडा तपासला, तर आतल्या धाग्यांच्या जोडरेषा विस्कटलेल्या दिसल्या. थिओडोर हफ यांनी तर १९०२ सालीच लिहून ठेवलं होतं की हे दुखणं स्नायूतल्या बारीक फाटण्याचं असावं. त्या जागी शरीर डागडुजी सुरू करतं, सूज येते, आतली रसायनं मज्जातंतूंची टोकं हळवी करतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा येतं.

सोड्याबद्दलही थोडं मान्य करावं लागेल. दोन-चार मिनिटांच्या जोरकस धावेआधी वजनाच्या हिशोबाने मोजून घेतला तर काही खेळाडूंना त्याचा किंचित फायदा होतो. पण तो धावण्याला होतो, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याला नाही. आणि अंदाजाने चमचाभर प्यायलं तर पोट फुगून ग्राउंडवरच हागवण लागते. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या, त्यात सोडा नको.

‘दुखलं नाही तर व्यायाम वाया’ हे तर आपल्या शेतातल्या बाया दरवर्षी खोटं ठरवतात. सोयाबीन सवंगायला सुरुवात होते तेव्हा पहिले दोन-तीन दिवस कंबर आणि मांड्यांची मागची बाजू धरते. पुढच्या आठवड्यात त्याच बाया तेवढीच पाथ धरतात आणि दुखत नाही. त्यांचं काम वाया जात नाही, स्नायू शिकलेला असतो. एकदा झेपेल एवढं दुखवलं की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तसल्या कामाने कमी दुखावतो. म्हणूनच पहिल्या दिवशी थोडं करून तीन दिवस थांबायचं असतं. दुखत्या अंगावर दुप्पट मारायला सांगणारा पोरांना दवाखान्यात धाडतो.

ताण आणि तेल यांवर फार बोलायला नको. ताण देण्याच्या १२ अभ्यासांचा आढावा २०११ साली कॉक्रेन या उपचारांचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने घेतला. आधी द्या की नंतर द्या, दुखण्यात जाणवेल असा फरक पडत नाही. हलक्या हाताच्या मालिशने थोडं बरं वाटतं, हे खरं. आजीचा हात फिरला की वाटायचं तेही खोटं नव्हतं. पण जोरात रगडून आधीच फुटलेला स्नायू आणखी कुटू नका. थोडं चालल्याने चालतेवेळी दुखणं कमी होतं, तेवढं पुरे.

भाचीला डॉक्टरांनी बैठका, पळणं, गोळाफेक सगळं बंद ठेवायला सांगितलं आहे. सोमवारी पुन्हा रक्त तपासायचं आहे, आकडा नेहमीवर आला तर सकाळ-संध्याकाळ चालण्यापासून सुरुवात. ज्या पोराने पैज लावली होती तो काल भेटायला आला होता. त्याचीही लघवी त्या दिवशी लाल झाली होती, हे त्याने आत्ता सांगितलं. त्यालाही सोमवारी सोबत नेणार आहे.