‘एक गाडी दहा गाड्यांचं काम करते’: मग द्वारका चौक मोकळा होईल?

‘ड्रायव्हर नसलेल्या शेअरिंगच्या इलेक्ट्रिक गाड्या आणा, नाशिकची कोंडी संपली’ असा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. दावे असे: एक गाडी दहा खासगी गाड्यांचं काम करते, ड्रायव्हर नाही म्हणून भाडं नगण्य, मग सिटीलिंक ही शहर बससेवा कशाला पोसायची, आणि २०२७ च्या सिंहस्थाआधी हे करून टाका.

दहाचा आकडा हवेतला नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय परिवहन मंचाने २०१५ मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या वाहतुकीचं संगणकावर गणित मांडून तो काढला. मेसेजवाल्याने मात्र निम्मंच वाचलंय. दहा टक्के गाड्यांत भागतं ते लोक एकाच गाडीत जागा वाटून घेतात आणि जोडीला मेट्रो चालू असते तेव्हा. तरीही गाड्यांचे एकूण किलोमीटर सहा टक्क्यांनी वाढतात. मेट्रो काढली आणि ज्याची त्याला वेगळी गाडी दिली, तर ८९ टक्क्यांनी! पार्किंग सुटतं, कोंडी नाही.

किलोमीटर वाढायचं एक मोठं कारण रिकाम्या फेऱ्या. बस डेपोत याला डेड किलोमीटर म्हणतात. सकाळच्या शिफ्टला जो तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे निघालेला असतो. तिथे माणूस उतरवलेली गाडी परत कोणाला घेऊन येणार? शालिमारचा शेअर रिक्षावाला हे गणित कोळून प्यायलाय. ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ ओरडत उभा राहतो, मागे तिघं बसले तरी हलत नाही. चौथा आला की ‘जरा सरकून घ्या दादा’, मगच निघतो. (नियमाचं सोडा.) शिवाय इथे घरोघरी दुचाकी. दुचाकीवरचा एकटा माणूस उचलून मोटारीत बसवला, तर द्वारका चौकात जागा वाढेल की आणखी अडेल?

भाड्याचं म्हणाल तर चाकामागचा माणूस जातो, माणसं जात नाहीत. गुगलच्या घरातली वेमो ही कंपनी २०२० पासून अमेरिकेतल्या फीनिक्समध्ये सर्वांसाठी विनाचालक टॅक्सी चालवतंय. गाडी गोंधळली की तिला दुरून वाट सुचवणारे कर्मचारी त्यांनाही ठेवावे लागतात. धुणारे, चार्जिंगला लावणारे, टायर बघणारे वेगळेच. सीटवर मिसळीची तर्री सांडली तर रिक्षावाला फडकं मारून पुढचं गिऱ्हाईक घेतो. ही गाडी तेवढ्यासाठी डेपोत जाणार, म्हणजे पुन्हा रिकामी फेरी. दुपारी अख्खा ताफा एकदम चार्जिंगला लागला की महावितरणचा डिमांड चार्ज (एका वेळी किती वीज ओढता त्यावरचा आकार) आहेच. तिकडे जनरल मोटर्सच्या क्रूझ या विनाचालक टॅक्सी कंपनीच्या गाडीने ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका पादचारी महिलेला फरफटत नेलं, कॅलिफोर्नियाने परवाना स्थगित केला. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने अब्जावधी डॉलर ओतलेला तो टॅक्सीचा धंदा गुंडाळला.

सिटीलिंक बंद करायला निघालेल्यांनी वरचा ८९ चा आकडा पुन्हा बघावा. जुलै २०२१ ला सुरू झालेल्या या सेवेबद्दल तक्रारी माझ्याही आहेत, पण त्या फेऱ्या वाढवा म्हणून.

राहिला सिंहस्थ. रोजगार जातील म्हणून अशा गाड्या देशात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी २०१७ पासून सांगत आलेत. समजा त्यांनी मत बदललं, तरी पर्वणीला बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच अडवतात, तिथून भाविक बसने आणि पुढे पायीच घाटावर जातात. इलेक्ट्रिक हवं हे मान्य, मग त्या बसच इलेक्ट्रिक करा. त्यासाठी ड्रायव्हरला खाली उतरवायची गरज नाही.