दुखलं तर डावा हात वर करा

रूट कॅनालचं तिसरं सिटिंग होतं. साडेपाचची अपॉइंटमेंट देऊन सव्वासहापर्यंत बाहेर बसवलेलं, तेवढ्यात टीपॉयवरच्या जुन्या रविवार पुरवणीत सिनेमातल्या सर्वोत्तम दहा भूमिकांची यादी वाचली आणि खुर्चीत बसता बसता बोलून गेलो, की काय हो डॉक्टर, 'सामना'तले निळू फुले नाहीत यात, कमाल आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं हे शेवटचं धड वाक्य.

कारण लगेच तोंडात रबर, क्लिप, कापूस, सक्शनची नळी. "दुखलं तर डावा हात वर करायचा," डॉक्टर म्हणाले आणि ड्रिल हातात घेऊन, "निळू फुले वगैरे नाही हो. एक नंबर काशिनाथ घाणेकर. का? डेंटिस्ट होते."

मला वाटलं गंमत करतायत. छे. "'पाठलाग' बघा तुम्ही, १९६४ चा." आता घाणेकर देखणा माणूस, वादच नाही, पण त्यांच्यावर लोक जीव टाकायचे ते स्टेजवरच्या संभाजीसाठी आणि लाल्यासाठी, आणि आपण सिनेमाचं बोलतोय ना? हे सांगायला मी डावा हात वर केला.

"दुखतंय? थोडी भूल अजून देऊ." टुच्च.

"दोन नंबर श्रीराम लागू. 'पिंजरा'. ईएनटी म्हणजे आमचे शेजारीच." यावर माझं काही म्हणणं नव्हतं, तरी "आँ" झालं, ते अनुमोदनात धरलं गेलं. "तीन, मोहन आगाशे. सायकिअॅट्रिस्ट. 'अस्तु' पाहिलाय? रडाल." पाहिलाय, रडलोय, पण म्हणून काय आता मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमधून नट निवडायचे? "आणि चार, सुबोध भावे." मी नुसते डोळे मोठे केले. "अहो, २०१८ च्या पिक्चरमधे घाणेकर केला ना त्यानी. डेंटिस्ट उभा करणं सोपं नाही."

इथे सक्शन धरलेली असिस्टंट मुलगी हळूच म्हणाली, "सर, 'उंबरठा'तली स्मिता पाटील?"

"ग्रेटच. तू नळी नीट धर."

संपलं. सगळ्या खोलीत एकच शहाणं वाक्य बोललं गेलं, ते बोलणारीला नळी धरायला लावली. याचा मला अजून राग आहे, आणि तेव्हा आपल्यालाही स्मिता आठवली नव्हती याचा तर जास्तच.

पण निळूभाऊंचं मी सोडणार नव्हतो. 'सामना'त समोर साक्षात लागू, दारुड्या मास्तरची भूमिका, म्हणजे नटाला मोकळं रानच, आणि हा हिंदुराव साखरसम्राट नुसता बसून हळू आवाजात बोलतो तरी आपली नजर त्याच्यावरून हटत नाही. गावोगावच्या बायका या सज्जन माणसाला खऱ्या आयुष्यात शिव्या घालायच्या. एवढा मोठा पुरस्कार डॉक्टरांच्या यादीतल्या कुणाला मिळालाय? हे सगळं मला म्हणायचं होतं. त्यासाठी मी दोनदा हात वर केला, दोनदा टुच्च. शेवटी ओठापासून कानापर्यंत गाल माझा आहे की खुर्चीचा तेच कळेना.

"थुंका," म्हणाले. थुंकलो, ते शर्टावर. "नि... हू हुये," मी म्हणालो. "तासभर बोलू नका, जीभ चावली जाईल."

काउंटरवर बिल साडेसहा हजार, एक्स-रेचे वेगळे. जास्तीच्या भुलेचे पैसे लावले नाहीत, हे उपकार म्हणून सांगितलं. मग मात्र मी मोबाइलवर टाइप करून स्क्रीन डॉक्टरांच्या नाकासमोर धरली: निळूभाऊ पुण्याच्या एएफएमसीत नोकरीला होते.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज? काय सांगता! कुठल्या डिपार्टमेंटला?"

मी टाइप केलं: माळी.

ते बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "असू दे. कॅम्पस तर तोच ना. पाचवा नंबर देऊ."

सुबोध भावेच्या खाली. कॅप बसवायला गुरुवारी बोलावलंय, म्हणाले तेव्हा हिंदी घेऊ.